‘थांबा’ला दिलेलं उत्तर

इंग्रजीच्या वरच्या वर्गातली मुलं एखाद्या भाषणाचं किंवा पत्राचं विश्लेषण लिहायला बसली, की एक वाक्य हमखास येतं : ‘वाचकावर प्रभाव पाडण्यासाठी लेखकाने पॅथॉसचा वापर केला आहे.’ हे वाक्य दिसेल तिथे मी खोडते. पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावनांना घातलेली साद. वाक्यात चूक काहीच नसते. पण ते कुठल्याही भाषणाला, कुठल्याही जाहिरातीला, शोकसभेत बोललेल्या चार शब्दांनाही तितकंच लागू पडतं. आणि जे सगळ्यांनाच लागू पडतं, त्यातून समोरच्या मजकुराबद्दल काहीच कळत नाही.

या मुलांची तयारी कमी नसते. पुनरुक्ती, विरोधाभास, उपमा, उत्तर अपेक्षित नसलेला प्रश्न हे सगळं त्यांना पाठ असतं. उताऱ्यात ते दिसलं की खाली रेघ मारायची, समासात नाव लिहायचं आणि पुढे जायचं. रेटॉरिकल अ‍ॅनालिसिस (मजकूर मन कसा वळवतो याचा अभ्यास) म्हणजे ही नावांची यादी, असा समज त्यांच्या मनात कुणीतरी फार लवकर बसवून दिलेला असतो. अ‍ॅरिस्टॉटलचं नाव घेऊन हे सगळं शिकवलं जातं, त्याचं मला विशेष वाईट वाटतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने ‘रेटॉरिक’ या ग्रंथात मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले : बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. इथॉस, पॅथॉस, लोगॉस. ही तीन नावं सगळ्यांनी उचलली. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो पानंच्या पानं खर्च करतो ती माणसाला राग कधी येतो, कुणाचा येतो, कशाने शांत होतो, भीती कशाची वाटते, तरुणांचा आणि म्हाताऱ्यांचा स्वभाव कुठे वेगळा पडतो, हे न्याहाळण्यात. नावांच्या मागे हे एवढं माणूस वाचणं होतं. आपण लेबलं ठेवून घेतली आणि निरीक्षण सोडून दिलं.

परीक्षेच्या दृष्टीनेही या यादीला फारसा अर्थ नाही, हे मुलांना पटवावं लागतं. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या एपी इंग्लिश लँग्वेज परीक्षेत तीन निबंध असतात : दिलेल्या स्रोतांवरून भूमिका मांडणारा, एखाद्या उताऱ्याचं विश्लेषण करणारा आणि निव्वळ युक्तिवादाचा. प्रत्येकाला सहा गुण. त्यातला एक नेमक्या दाव्याला, चार पुराव्याला आणि त्यावरच्या भाष्याला, एक विचाराच्या परिपक्वतेला. अलंकार ओळखला म्हणून वेगळा गुण ठेवलेला नाही. पण परीक्षेचं एवढंच पुरे. मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते परीक्षेच्या बाहेर आयुष्यभर लागतं.

मी मुलांना विचारते ते साधं असतं. हे वाक्य या माणसांसमोर, या वेळी, याच जागी का आलं? ते काढून टाकलं तर काय बिघडेल? दोन परिच्छेद आधी आणलं तर? लॉइड बिट्झर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये हीच गोष्ट शिस्तीत मांडली. कुठलंही भाषण हवेत जन्मत नाही. त्यामागे एक निकड असते, काही बदलणं ज्यांच्या हातात आहे असे श्रोते असतात आणि बोलणाऱ्याला बांधून ठेवणाऱ्या मर्यादा असतात. हे तिन्ही ठाऊक नसताना केलेलं विश्लेषण म्हणजे पत्ता न बघता पाकिटाचं कौतुक करणं.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर मी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते आणि पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांचं पत्र घेते. वंशभेदाविरुद्धच्या निदर्शनांत अटक झाल्यावर ते त्यांनी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलं. दरवर्षी घेते, आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

पण पत्राच्या आधी वर्गात दुसरा कागद वाचायचा, असा माझा आग्रह असतो. १२ एप्रिल १९६३ रोजी, म्हणजे किंगना अटक झाली त्याच दिवशी, अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढलं. भाषा अतिशय सभ्य. निदर्शनं अनाठायी आणि अवेळी आहेत, त्यांच्यामागे काही प्रमाणात बाहेरची माणसं आहेत, हक्क नाकारले जात असतील तर न्यायालयात जावं, स्थानिक नेत्यांनी वाटाघाटी कराव्यात, रस्त्यावर येऊ नये. परिस्थिती शांतपणे हाताळल्याबद्दल वृत्तपत्रांचं आणि पोलिसांचं कौतुक. किंगचं नावही नाही. मुलांना मी सांगते, या निवेदनातला सगळ्यात पटणारा मुद्दा शोधा. पहिल्यांदा ती गोंधळतात, कारण ‘चुकीची बाजू’ कोणती ते त्यांना आधीच माहीत असतं. मग हळूहळू कुणीतरी म्हणतं, न्यायालयात जा हा सल्ला तसा वाईट नाही. कुणी म्हणतं, यातली एकदोन माणसं खरंच शांतता हवी म्हणून बोलत असतील. हे एकदा मनापासून म्हणून झालं की किंगसमोर केवढं अवघड काम होतं ते दिसायला लागतं. दुष्ट माणसाला उत्तर देणं त्या मानाने सोपं असतं. समोरचा सभ्य असतो, थोडासा बरोबर असतो आणि ‘जरा थांबा’ म्हणत असतो, तेव्हा शब्द फार तोलून वापरावे लागतात.

पत्रावर तारीख १६ एप्रिलची आहे. ज्या वर्तमानपत्रात निवेदन छापून आलं होतं, त्याच्याच कोऱ्या समासात किंग यांनी लिहायला सुरुवात केली. निवेदनाने त्यांचं नाव टाळलं होतं, ते मात्र सुरुवातच ‘प्रिय सहधर्मगुरूंनो’ अशी करतात. तुमचा हेतू चांगला आहे असं मी मानतो, म्हणून शांतपणे आणि तर्काला धरून उत्तर देईन, असं म्हणतात. इथे मुलं ‘इथॉस’ लिहून मोकळी होतात. मी त्यांना सांगते, त्या संबोधनाने काय हातातून काढून घेतलं ते बघा. बाहेरचा माणूस ही तक्रार आता उरेल का? सहधर्मगुरू म्हटलं की आठ अधिक एक असे नऊ जण एका बाजूला आले. पुढे ते प्रेषित पॉलचा दाखला देतात, जो आपलं गाव सोडून दूरदूरच्या नगरांत संदेश घेऊन गेला. एका चर्चचा बिशप हा दाखला कसा नाकारणार?

मग ते वाक्य येतं. तीनशेहून अधिक शब्दांचं एकच वाक्य. अर्धविरामांवर अर्धविराम, ‘जेव्हा तुम्ही’ने सुरू होणारी उपवाक्यं एकामागून एक, आणि मुख्य वाक्य अगदी शेवटी : तेव्हा तुम्हाला कळेल की आम्हाला थांबणं का जड जातं. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांना हे वाक्य थांबायला लावतं, ही गोष्ट हुशार मुलांच्या लगेच लक्षात येते. व्याकरणच वाट बघायला लावतं. वाचकाचा श्वास पुरत नाही, क्रियापद येता येत नाही. हे सुंदर आहेच, पण मुलं इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे, उपवाक्यांच्या क्रमात.

सुरुवात होते झुंडींनी केलेल्या हत्यांपासून. मग शिव्या देणारे, लाथा मारणारे, जीव घेणारे पोलीस. मग समृद्ध देशात दारिद्र्याच्या हवाबंद पिंजऱ्यात गुदमरणारे लाखो लोक. आणि मग एकदम एक घर, एक बाप आणि सहा वर्षांची मुलगी. टीव्हीवर जाहिरात आलेल्या फनटाउन या करमणूक उद्यानात आपल्याला का जाता येत नाही, हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळते. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यानंतर पाच वर्षांचा मुलगा विचारतो, गोरी माणसं आपल्याशी इतकी वाईट का वागतात? मग लांबच्या प्रवासात एकही मोटेल जागा देत नाही म्हणून रात्रीमागून रात्र मोटारीत अवघडून झोपणं. ‘गोऱ्यांसाठी’, ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्या. मग नाव : पहिलं नाव शिवी होतं, मधलं ‘बॉय’ होतं, मग वय कितीही असो, आणि आडनाव ‘जॉन’ होतं. बायकोला, आईला ‘मिसेस’ म्हणून कुणी मान देत नाही. शेवटी आपण कुणीच नाही या भावनेशी रोजची झुंज.

वक्तृत्वाची पुस्तकं सांगतात की तीव्रता चढवत न्यावी, सगळ्यात भयंकर गोष्ट शेवटी ठेवावी. इथे उलटं आहे. हत्या पहिली आणि ‘मिसेस’ जवळजवळ शेवटी. वर्गात मी या ठिकाणी बराच वेळ काढते. कुणीतरी म्हणतं, क्रम चुकलाय. कुणी म्हणतं, असाच सुचला असेल, तुरुंगात होते. मग आम्ही पुन्हा त्या आठ जणांकडे जातो. झुंडीने माणूस मारणं वाईट, हे या धर्मगुरूंना मान्यच होतं. ते पहिल्या उपवाक्याला मान डोलावणार. म्हणजे सुरुवात सहमतीच्या जागेपासून झाली. तिथून प्रत्येक पाऊल त्यांच्या रोजच्या जगाच्या जवळ येत जातं. झुंडीत ते नव्हते. पण त्या पाट्या त्यांच्याच शहरातल्या होत्या, ती मोटेलं त्यांच्या रस्त्यांवरची होती, आणि ‘मिसेस’ न म्हणणारी माणसं रविवारी त्यांच्यासमोर बाकांवर बसत होती. रक्त कमी होत जातं आणि जबाबदारी वाढत जाते. शिवाय हे सगळं ‘तुम्ही’ म्हणून सांगितलेलं आहे. मुलीला समजावताना अडखळणारी जीभ व्याकरणापुरती का होईना, बिशपची झाली.

‘पॅथॉसचा वापर केला’ या तीन शब्दांत यातलं काहीही मावत नाही.

आणखी एक समज इथे मोडतो, आणि तो मोडावा असं मला मनापासून वाटतं. भावना म्हणजे तर्कातली पळवाट, असं हुशार मुलांना वाटतं. पण आठ जणांचा दावा होता की ही निदर्शनं अवेळी आहेत. वेळ आली की नाही हे ठरवायचं तर थांबण्याची किंमत काय, ती कोण मोजतंय, हे समोर यायला हवं. त्या सहा वर्षांच्या मुलीचे डोळे हा या प्रश्नातला पुरावा आहे. तो वगळून केलेला शांत, संतुलित विचार अपुऱ्या माहितीवर केलेला विचार ठरतो.

आणि त्या वाक्यानंतर काय येतं? पुढचाच परिच्छेद थंड डोक्याचा आहे. आम्ही कायदे मोडायला तयार आहोत याची तुम्हाला चिंता वाटते, ती रास्त आहे, असं किंग स्वतःच कबूल करतात. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाळा असं आम्हीच लोकांना सांगतो आणि आम्हीच कायदा मोडतो, हे विसंगत दिसतं खरं, असं म्हणून ते विरोधकाचा मुद्दा विरोधकापेक्षा चांगला मांडतात. मग न्याय्य आणि अन्याय्य कायद्यांतला फरक. दाखले ख्रिस्ती संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस, ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर, प्रॉटेस्टंट धर्मचिंतक पॉल टिलिक यांचे. वाचकाला ही विद्वत्तेची रास वाटू शकते. पण त्या आठ जणांत बहुतेक प्रॉटेस्टंट होते, एक कॅथलिक बिशप होता आणि एक रॅबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू. ही माणसं समोर ठेवून दाखल्यांची यादी पुन्हा वाचली की प्रत्येकाला त्याच्याच घरातला साक्षीदार दिलेला दिसतो.

इथून मी मुलांना युक्तिवादाकडे वळवते, कारण दोन्ही कामं एकच आहेत. दुसऱ्याच्या वाक्याला जे प्रश्न विचारले ते स्वतःच्या वाक्याला विचारायचे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन याने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली ती मला वर्गात फार उपयोगी पडते. दावा असतो, त्यासाठी दिलेली माहिती असते, आणि या दोघांना जोडणारा, बहुतेक वेळा न बोललेला, एक सर्वसाधारण नियम असतो. ज्यांनी न्यायदर्शनातली पंचावयव वाक्यं, म्हणजे अनुमानाची पाच पायऱ्यांची मांडणी, वाचली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या अशा : डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, आणि जिथे धूर तिथे आग. तिसरं वाक्य उघड बोलायला लावलं की अर्धे वाद तिथेच उघडे पडतात.

एका मुलीने लिहिलं होतं, ‘वर्गात फोनवर बंदी हवी, कारण फोनमुळे लक्ष विचलित होतं.’ मी विचारलं, या दोन्हींना जोडणारं वाक्य कोणतं? तिने लिहिलं, ‘ज्याने लक्ष विचलित होतं त्यावर वर्गात बंदी हवी.’ लिहिल्या लिहिल्या तिला स्वतःलाच ते खटकलं. मग खिडकीवरही बंदी हवी, शेजारच्या मैत्रिणीवरही. तिने नियम आवळला : ज्या वस्तूने लक्ष जातं, जी शिकण्यासाठी लागत नाही आणि जिचा मोह आवरणं एकेकट्या मुलाच्या हातात नाही, अशा वस्तूवर सगळ्यांसाठी एकच नियम हवा. आता युक्तिवादाला धार आली. आणि लगेच अपवादही दिसले : ज्याला ऐकू येण्यासाठी किंवा वाचण्यासाठी फोनची मदत लागते त्याचं काय? तिने तेही लिहिलं. तिचा दावा लहान झाला आणि पक्का झाला. पहिल्या मसुद्यात तिला फक्त बाजू घ्यायची होती. दुसऱ्यात ती विचार करत होती, आणि तो फरक वाक्यावाक्यात दिसत होता.

किंग यांच्या पत्रात ही आवळलेली बंधनं जागोजागी आहेत. अन्याय्य कायदा कोणता, याच्या कसोट्या ते देतात : बहुसंख्य लोक अल्पसंख्याकांवर जो लादतात पण स्वतःवर बंधनकारक मानत नाहीत, ज्यांना मतदानाचा हक्कच नाही त्यांच्यावर जो लादला गेला. आणि कायदा मोडणाऱ्यावरही अट घालतात. त्याने तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून मोडावा. ही अट काढून टाका, आणि पत्र कुठल्याही दंगेखोराच्या हातात देता येईल. अट आहे म्हणून देता येत नाही.

आपल्याकडच्या तर्कपरंपरेने वादाचे प्रकार पाडले त्यात वाद, जल्प आणि वितंडा अशी नावं आहेत. सत्य कळावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडतोड करायची ती वितंडा. वादात उतरणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं विरोधकाला मान्य होईल असं सांगायचं. मुलांच्या निबंधात हा भाग ‘काही लोकांचं मत वेगळं आहे’ एवढ्यावर संपतो. असले ‘काही लोक’ लिहिणाऱ्याच्या सोयीने बोलतात. किंगचे ‘काही लोक’ नावागावाचे आहेत, त्यांच्या शब्दांना तो धरून आहे. त्या आठ जणांतले स्टॉलिंग्स नावाचे पाद्री काळ्या लोकांना आपल्या प्रार्थनासभेत वेगळं न बसवता सामावून घेतात, म्हणून त्याच पत्रात त्यांचं नाव घेऊन अभिनंदनही आहे.

तुलनेसाठी मी कधी कधी फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण ठेवते. गुलामीतून निसटलेला हा वक्ता स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात बोलायला उभा राहिला, तोही चार जुलैला नाही, दुसऱ्या दिवशी. संस्थापकांची मनापासून स्तुती करताना तो ‘तुमचे पूर्वज’, ‘तुमचं स्वातंत्र्य’ म्हणत राहतो. ऐकणाऱ्यांना आधी ते विनयाचं वाटत असावं. मग कळतं की ‘आपलं’ म्हणायची त्याला सोयच ठेवलेली नाही. आणि त्याच्या बाजूला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं १९ नोव्हेंबर १८६३ चं भाषण, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरचं. आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, मग लिंकन दोनेक मिनिटं. त्यात ‘मी’ एकदाही नाही, सगळं ‘आपण’. शत्रूचं नाव नाही, गुलामगिरीचा शब्दही नाही. एकाने सर्वनामातून भेग दाखवली, दुसऱ्याने सर्वनामाने भेग बुजवायचा प्रयत्न केला. काय सांगितलेलं नाही हेही वाचायचं असतं, हे शिकवायला ही जोडी मला पुरते.

पण वर्गात सगळ्यात जास्त भांडण होतं ते किंग यांच्या पत्राच्या शेवटाकडच्या एका जागेवरून. धर्मगुरूंनी पोलिसांचं कौतुक केलं होतं. या गोष्टीने मला फार त्रास झाला, असं किंग म्हणतात, पण पत्र संपवण्यापूर्वी म्हणून. निःशस्त्र लोकांच्या अंगात दात रुतवणारे पोलिसांचे कुत्रे तुम्ही पाहिले असते तर हे कौतुक केलं नसतं. एवढी संतापाची गोष्ट इतक्या उशिरा का? एक गट म्हणतो, आधी आली असती तर आठ जणांनी पत्र बाजूला ठेवलं असतं. ते खरंच आहे. दुसऱ्या गटाचं म्हणणं मला अधिक पटतं. ते म्हणतात, त्यानंतर किंग काय करतात ते पाहा. तुम्ही कौतुक कुणाचं करायला हवं होतं, ते सांगतात : गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत शांतपणे बसून राहिलेली मुलं, मिसिसिपी विद्यापीठातला पहिला काळा विद्यार्थी जेम्स मेरेडिथ याच्यासारखी एकटी पडलेली माणसं, वंशभेद पाळणाऱ्या बसमध्ये न बसता चालत गेलेली बहात्तर वर्षांची म्हातारी. कौतुक करू नका, असं ते म्हणत नाहीत. ते कौतुक योग्य पत्त्यावर पाठवतात. आणि ते करण्यासाठी आधीचं सगळं पत्र वाचून झालेलं असणं गरजेचं होतं.

त्यानंतर क्षमा येते. मी काही अतिशयोक्ती केली असेल, अवाजवी घाई दाखवली असेल, तर तुम्ही मला क्षमा करा. आणि सत्यापेक्षा कमी बोललो असेन, बंधुत्वापेक्षा कमी कशावर तरी समाधान मानण्याइतका धीर दाखवला असेल, तर देवाने मला क्षमा करावी. दोन्ही वाक्यांची घडण तंतोतंत सारखी आहे. घाई केली तर तो गुन्हा आठ माणसांविरुद्धचा, धीर धरला तर तो देवाविरुद्धचा. ज्यांनी जन्मभर देवाच्या नावाने लोकांना धीर धरायला सांगितलं, त्यांच्याच हातात हे पत्र पडणार होतं.